नारळाने पास केलेले हेल्मेट

मढ कोळीवाडा,
सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप दत्ताराम भावोजी यांच्या चरणी मेहुणा भिकाजी याचा नमस्कार.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य पत्राच्या माथ्यावर लिहायचेच असते, आणि लिहायला बसलो त्या घटकेला ते खरेही आहे. पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत ते खरे राहील याची हमी मी देत नाही. विमा कंपनीतल्या माणसाने कसलीच हमी देऊ नये, ते आमच्या धर्मात बसत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ह्यूस्टनला म्हणे तुमच्या बोटीचे इंजिन उघडून ठेवले आहे आणि तुम्हाला धक्क्यालाच बसून राहावे लागणार आहे. बोट बांधून ठेवली आहे हे वाचून मला फार बरे वाटले. बांधलेली बोट हीच खरी बोट. (मढच्या कोळ्याच्या घरात जन्मून पाण्याला भिणारा मी एकटाच, हे तुम्ही माझ्या लग्नात माईकवरून जाहीर केले होते. ते मी विसरलेलो नाही, पण आज तो विषय नाही.) सगुणाताई मजेत आहे. तुम्ही पाठवलेल्या नायलॉन साडीत ती परवा घसरली, पण गादीवर.

हे पत्र आभाराचे आहे. काही मागायचे म्हणून लिहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण मढहून बोटीवर येणारे प्रत्येक पत्र इकडून तिकडून शेवटी कॅसेट प्लेअरपाशी जाऊन थांबते अशी तुमची तक्रार ताईने मला ऐकवली आहे. आभार कशाचे, तर आमच्या मथुरासाठी तुम्ही अमेरिकेहून जे सायकलचे हेल्मेट पाठवलेत त्याचे. ते मिळाले. पुढे त्याचे काय झाले ते सांगण्याआधी ते मुळात लागले कशाला हे तुम्हाला कळायला हवे, कारण तुमच्या भाचीने तुम्हाला जे पत्र धाडले होते त्यात माझा उल्लेख ‘बाबांचीही फार इच्छा आहे’ असा होता म्हणतात. माझी इच्छा अशी होती की जगात असले हेल्मेट मिळूच नये.

झाले असे. मथुराला मालाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या क्लासला प्रवेश मिळाला. वर्गात मुलगी ती एकटीच. प्रॅक्टिकल अगदी सकाळी, कारण यंत्रे नंतर दुसऱ्या तुकडीला लागतात, आणि सरांनी पहिल्याच दिवशी बजावले की उशिरा येणाऱ्याने दाराबाहेरूनच टीव्ही बघावा. आता आपल्या बसची वेळ आणि सरांची वेळ यांची पत्रिका काही जुळेना. तेव्हा आमच्या मातोश्रींनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, पावसाळ्याच्या आधी विकलेल्या सुक्या बोंबलाच्या पैशातून परस्पर एक जुनी लेडीज सायकल आणून ओटीवर उभी केली. मला विचारले नाही. मला विचारले असते तर मी काय म्हटले असते हे तिला ठाऊक होते, म्हणून विचारले नाही. हीच आमच्या घरातली सल्लामसलत.

तुम्ही समुद्रावरचे माणूस, तुम्हाला मढ-मालाड रस्त्याची कल्पना यायची नाही. मला आहे, आणि नको तितकी आहे. मी गेली कित्येक वर्षे अपघात विभागाच्या टेबलावर बसतो. लोक सकाळी देवाचे नाव घेतात, मी सकाळी उजव्या बाजूने आलेला टेम्पो वाचतो. कोण कुठे पडला, कुठल्या अंगावर पडला, डोके दगडावर आपटले की कठड्यावर, हे वाचून वाचून माझे असे झाले आहे की साधे केळ्याचे साल दिसले तरी मला त्याच्या पुढचा माणूस आडवा दिसतो. (आमची सौ. नीला म्हणते, तुमच्याबरोबर फिरायला जाणे म्हणजे चालत्या श्रद्धांजलीबरोबर फिरणे.) आणि आपला रस्ता कसा? एरंगळपासून पुढे रेती सांडत जाणारे ट्रक, बर्फाच्या गाड्यांतून गळणारे मासळीचे पाणी, त्यावरून घसरणारे पिकनिकवाले, आणि बंगल्यांवर शूटिंगला उशीर झाला म्हणून वाऱ्यासारख्या सुटणाऱ्या सिनेमावाल्यांच्या गाड्या. त्या गाड्यांत हिरो नसतो हो, हिरोचा पंखा असतो, तरीही घाई तेवढीच. अशा रस्त्यावर माझी एकुलती एक मुलगी दोन चाकांवर! मला रात्री डोळे मिटले की तिची वेणी दिसायची आणि वेणीच्या मागे ट्रक.

‘नाही’ म्हणायची माझी छाती झाली नाही. समोर आई होती. म्हणून मी विम्याच्या पद्धतीने गेलो. आमच्यात कुणाला थेट नाही म्हणत नाहीत, अट घालतात. मी गंभीर चेहरा करून म्हटले, जाऊ दे की, पण डोक्याला हेल्मेट पाहिजे. आणि स्कूटरचे नाही, सायकलचे. सगळ्यांना ते इतके रास्त वाटले की नीलाने मला बऱ्याच वर्षांनी कौतुकाने चहा दिला. मी चहा पीत मनात हसत होतो. अख्ख्या मुंबईत सायकलचे हेल्मेट विकणारे दुकान मला तरी ठाऊक नव्हते.

पोरगी तुमच्यावर गेली आहे. तिने मला दर रविवारी बाहेर काढले. मालाडच्या दुकानदाराने स्कूटरचे हेल्मेट तिच्या डोक्यावर असे उपडे घातले की आतून ती काय बोलते ते कळेना आणि बाहेरून आम्ही काय बोलतो ते तिला कळेना. मी मागून हॉर्नसारखे ओरडून पाहिले, तिला पत्ता नाही. शिवाय इतके जड, की मान घरीच ठेवून जावे लागले असते. अंधेरीला एका खेळाच्या दुकानात क्रिकेटचे हेल्मेट निघाले. ते पुढून येणाऱ्या चेंडूसाठी होते. आमचा ट्रक मागून येतो. मग तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची कारखान्यातली पिवळी टोपी झाली. तिला हनुवटीखाली पट्टाच नाही, म्हणजे पडताना टोपी एकीकडे आणि डोके एकीकडे. मी प्रत्येक वेळी मोठ्या दुःखाने मान हलवीत होतो. “बघ बाई, मिळत नाही, काय करणार!” असे म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचे, आणि ते आनंदाचे असायचे.

मग तिने तुम्हाला लिहिले आणि तुमचा तो सहकारी, कस्टममधून घामाघूम होऊन, बगलेत हेल्मेट धरून आमच्या दारात उभा राहिला. भावोजी, तुमचे उपकार मी कधीही विसरणार नाही, आणि त्या क्षणी तुमच्याबद्दल माझ्या मनात जे आले तेही विसरणार नाही.

वस्तू मात्र खाशी. वरून पांढरीशुभ्र, बाजूने लाल पट्टा, आत जाड थर्मोकोल, त्यावर चिकटणारे स्पंजचे तुकडे, आणि कानांच्या पुढून-मागून येऊन हनुवटीखाली मिळणारे पट्टे. अख्खा कोळीवाडा बघायला लोटला. मापात बसते का यावर चर्चा सुरू झाली. प्रत्येक काकीने ते एकदा घालून पाहिले आणि प्रत्येकीला ते अंबाड्यावर अडले. शेवटी आईने सगळ्यांना गप्प केले. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन धक्क्यावरून बाजारात गेलेली बाई, डोक्यावर काय कसे बसावे हे तिने सांगायचे नाही तर कुणी? तिने मथुराला अंबाडा सोडून मानेवर सैल वेणी घालायला लावली, हेल्मेट आडवे सपाट बसवले आणि निकाल दिला, की टिकली दिसली पाहिजे आणि कपाळ दिसता कामा नये. पट्ट्याखाली एक बोट शिरावे, दुसरे शिरू नये. मग म्हणाली, “आता मान हालव.” मथुराने भूत लागल्यासारखी मान हलवली. हेल्मेट जागचे हलले नाही, उलट भुवयांवरची कातडी त्याच्याबरोबर हलली. “हा, बसला,” आई म्हणाली. मी म्हटले, पण आई, हे पुठ्ठ्यासारखे हलके आहे, याने डोके वाचेल कशावरून? त्यावर ती म्हणाली, “अरं, डोकं पोरीचं हाय आन् भ्या तुजं!” सगळे हसले. पण नीला हसली नाही. ती मला हळूच म्हणाली, “खरंच हो, कशावरून?”

भावोजी, हा प्रश्न मी विचारायला नको होता. आपल्या कोळीवाड्यात प्रश्न विचारला की कुणीतरी नारळ आणतो.

नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. सगळ्या होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली, सगळे पुरुष घरी, जाळी विणून विणून कंटाळलेले, आणि घराघरात नारळांचे ढीग. लहू तांडेल (तुमचा लंगोटीयार, अजून तस्साच आहे, फक्त आवाज वाढला आहे) पुढे झाला. नवी होडी, नवे इंजिन, नवे जाळे, काहीही पाण्यात घालण्याआधी आपण त्याला नारळ देतो, तेव्हा या टोपीलाही नारळ दिल्याशिवाय ती रस्त्यावर जाता कामा नये, असे त्याचे म्हणणे. इथपर्यंत मलाही पटले. मग तो म्हणाला, “भिकाशेट, डोकं म्हंजे काय? वर शेंडी, मग कवटी, आत पाणी नी मलई. आन् नारळ म्हंजे काय?” विमा कंपनीत आमच्याकडे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडूनही मी डोक्याची इतकी स्वच्छ व्याख्या ऐकलेली नाही. ठरले की पौर्णिमेच्या सकाळी नारळ हेल्मेटमध्ये बांधून होडीच्या नाळेवरून, त्या पुढच्या उंच टोकावरून, खाली दगडी उतारावर टाकायचा. नारळ फुटला तर मथुरा घरी. न फुटला तर मथुरा मालाडला.

(हा रिवाजही बघा कसा उलटा झाला. एरवी नारळ फुटला नाही तर आपण अपशकुन मानतो. त्या दिवशी सगळा कोळीवाडा नारळ फुटू नये म्हणून हात जोडून उभा.)

आधी लहूने उघडा नारळ टाकला, फरक कळावा म्हणून. तो पडला आणि असा काही आवाज झाला, की मला तो थेट माझ्या टाळूत ऐकू आला. पाणी दगडावरून वाहत माझ्या चपलेपर्यंत आले. नीलाने माझा दंड धरला. मग दुसरा नारळ हेल्मेटमध्ये बसवला, सभोवार चिंध्या कोंबल्या, पट्टे शेंडीखाली करकचून आवळले, आणि लहू पुन्हा नाळेवर चढला. मी डोळे मिटून घेतले. धप्प. एवढेच. डोळे उघडले तर मथुरा पट्टे सोडून नारळ कानाशी धरून हलवत होती आणि आतले पाणी डुचमळत होते. भावोजी, जो जल्लोष झाला! बॅन्जोवाले पौर्णिमेसाठी आलेलेच होते, त्यांनी वाजवायला घेतले. नीला रडली आणि म्हणाली, जाऊ दे पोरीला. मग लहूने खात्री म्हणून तो हेल्मेटात बांधून पुन्हा टाकला. मग त्याच्या भावाने आणखी वरून टाकला. मग वल्ह्याने हाणून पाहिले. आणि खरे सांगायचे तर शेवटी शेवटी मीही नाळेवर चढलो. इतक्या दिवसांची भीती अंगातून उतरली होती, हात हलके झाले होते. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून असा आपटला, की आई खालून ओरडली, “भिका, दगड फोडशील!” नारळ फुटला नाही. तोच नारळ नंतर वाजत-गाजत समुद्राला दिला. इतका मार खाल्लेला नारळ समुद्राने आजवर घेतला नसेल.

संध्याकाळी हेल्मेट धुवायला मी घेतले, हौसेने. चिखल होता, काथ्या अडकला होता. आतला स्पंज ओढून काढला तर त्याच्याखाली थर्मोकोलवर एक छोटे लेबल, इंग्रजीत. विम्याचा माणूस बारीक अक्षर दिसले की वाचल्याशिवाय राहत नाही. तिथे लिहिले होते, की हे हेल्मेट एकच जोराचा मार सोसण्यासाठी बनवले आहे. तो बसला की आतला भाग चेपतो आणि पुन्हा कामाचा राहत नाही. वरून काहीही दिसत नसले तरी ताबडतोब फेकून द्यावे.

मी ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले. अंगठ्याने दाबून पाहिले. टाळूच्या जागी थर्मोकोल चेपून पातळ झाला होता आणि त्यातून केसाएवढी चीर कानापर्यंत गेली होती. म्हणजे भावोजी, आमच्या हेल्मेटने परीक्षा दिली, पहिला नंबर काढला, आणि त्या परीक्षेतच ते वारले. उरले ते त्याचे प्रेत, पांढरे, लाल पट्ट्याचे, आणि त्यावर आईने हळदकुंकू लावलेले.

आता सांगायचे कुणाला? नीलाला सांगितले तर ती दुसऱ्या मिनिटाला सायकल विकेल, मथुराचा क्लास संपला, आणि ती पोरगी जन्मभर माझ्याकडे दाराबाहेरून बघावे तशी बघेल. आईला सांगितले तर पौर्णिमेचा नारळ फुकट गेला असे होईल, आणि ते लहूला कळले की वल्हे माझ्यावर. न सांगावे तर पोरगी डोक्यावर रिकामी करवंटी बांधून ट्रकांत जाणार, आणि सगळ्या गावात ते एकट्या मला ठाऊक. याआधी मला अपघाताची भीती वाटायची ती सगळ्यांना दिसायची, लोक हसायचे, त्यात थोडी निघून जायची. ही भीती गिळून ठेवायची होती. मी स्पंज पुन्हा चिकटवला आणि हेल्मेट खुंटीला लावले. जेवताना आई म्हणाली, आज भिकाच्या तोंडावर किती दिवसांनी शांती आहे बघा.

पुढचे काही दिवस मी जे केले ते नावानिशी सांगायला लाज वाटते, पण तुम्ही लांब आहात. मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सायकलची हवा सोडू लागलो. मथुरा पंप घेऊन भरायची. मग मी व्हॉल्व्हच काढून ठेवला, तर तिने तो माझ्या शर्टाच्या खिशातून काढून मला दाखवला आणि म्हणाली, “बाबा, हा तुमच्या खिशात कसा चढला हो?” मी म्हटले, हल्ली वस्तूंचे काही सांगता येत नाही. किल्ली हरवून पाहिली, तिने सळईने कुलूप उघडले. (टीव्ही उघडायला शिकवतात त्या क्लासात आणखी काय काय शिकवतात देव जाणे.) शेवटी मी जाहीर केले, की डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला आहे, तेव्हा मीही रोज सायकलनेच मालाडला ऑफिसला जाणार आणि मथुराबरोबरच निघणार. डॉक्टरांनी मला फक्त काळजी कमी करायला सांगितले होते.

सायकल लहूची. मागे मासळीचे खोके बांधायचा कॅरिअर, चेन ढिली, खडखडणारी, आणि ब्रेक एकच, तोही पुढचा. लहू म्हणाला, मागचा कशाला लागतो, पुढचा थांबला की मागचा कुठं जातोय? मी कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता. पण पोरीच्या आणि ट्रकच्या मध्ये कुणीतरी असावे, एवढाच माझा विचार. डोक्याला पावसाळी टोपी आणि तिच्याखाली घडी घातलेला पंचा. फाटकात आई उभी, मथुराचा पट्टा बोट घालून तपासते आहे, नीला मागून “सावकाश गं” म्हणते आहे, आणि मी ते हेल्मेट बघून आतल्या आत वितळतो आहे. तशी वरात निघाली.

एरंगळपर्यंत मी तिच्या मागच्या चाकाकडे बघत गेलो. दुसरे काही बघायचे धाडस नव्हते. प्रत्येक हॉर्न मला माझ्या ऑफिसातल्या कागदासारखा वाटत होता, खाली सही तेवढी बाकी. अक्साच्या वळणावर भुरभुर पाऊस, रस्त्यावर सांडलेली रेती, आणि मागून शूटिंगची जनरेटरची गाडी. ती मला घासून पुढे गेली, मग मथुराला घासून. मी ओरडलो, पण तोंडातून नुसती हवा आली. मथुराचे हँडल हलले, सायकल कडेला गेली आणि ती गवतात आडवी झाली. मी ब्रेक दाबला. लहूचा सिद्धान्त चुकीचा आहे, भावोजी. पुढचे चाक थांबले की मागचे चाक वरून पुढे येते आणि येताना माणसाला घेऊन येते. मी चिखलात पाठीवर पडलो, आणि पडल्या पडल्या कुठल्या अंगावर पडलो हे मनात नोंदवून घेतले, सवयीने.

ती माझ्याकडे धावत आली. “बाबा, लागलं का? बाबा!” मी तिचे डोके दोन्ही हातांत धरले. “आपटलं का? डोकं आपटलं का तुझं?” “नाही हो, कोपर खरचटलंय. डोकं वरच होतं.” आणि मग मला काय झाले कोण जाणे, रस्त्याच्या कडेला चिखलात बसून मी सगळे सांगून टाकले. लेबल, चीर, नारळ, व्हॉल्व्ह. माझे हात असे कापत होते, की तिच्या हनुवटीखालचा पट्टा मला सोडता येईना. तो तिनेच सोडला. हेल्मेट उलटे केले, स्पंज काढला, वाचले, मी दाबले होते तिथेच अंगठा दाबला. मग ते पुन्हा डोक्यावर घातले, पट्टा लावला आणि म्हणाली, “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“माहीत आहे म्हणून तर हळू चालवते ना. उठा आता, प्रॅक्टिकल आहे.”

भावोजी, माझ्या मनावरून जणू एक मचवा उतरला. माझ्या पोरीला सगळे ठाऊक आहे आणि तरी ती भीत नाही, जपून जाते, यात बापाचा निम्मा जीव वाचला. तेव्हापासून आम्ही दोघे रोज जातो. ती हळू जाते, मी तिच्याहून हळू, आणि अक्साच्या वळणावर आम्ही उतरून चालत जातो. ती प्रॅक्टिकलला वेळेवर पोचते. मी ऑफिसात अर्धा तास आधी पोचून दम टाकतो. घरात कुणाला काही कळलेले नाही. आई रोज बोट घालून पट्टा तपासते. तिच्या समजुतीला धक्का लावण्यात काय अर्थ?

तेव्हा पुन्हा एकदा आभार. गुडघ्याला तेल लावत जा. सगुणाताईचे, आईचे आणि नीलाचे नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला.

आपला नम्र,
भिकाजी

ता. क. काही मागणार नाही असे वर लिहिले आहे ते खोडत नाही. पण बोट धक्क्यालाच आहे आणि तुम्ही बाजारात जाणारच असाल, तर तेच हेल्मेट पुन्हा एक घ्यावे. तेच माप, तोच पांढरा रंग, तोच लाल पट्टा. खुंटीवर जुन्याच्या जागी नवे लागले तर कुणाला कळू नये.

आ. ता. क. ताईला लिहू नका. तिला कळले की वेसाव्यापर्यंत कळते. आणि येणाऱ्या माणसाला सांगा, की थेट माझ्या ऑफिसात यावे, किनाऱ्यावरून मुळीच येऊ नये. वाटेत लहू भेटला तर त्याच्याकडे नारळ असतोच.

आणखी एक ता. क. लहूला ही टोपी इतकी पसंत पडली आहे, की होडीवरच्या सगळ्या खलाशांसाठी मागवा म्हणतो. त्याला मी सांगितले आहे, की भावोजी कळवतील. तुम्ही कळवू नका.

(खालचे मथुराच्या हातचे)

आतोबा, मी मथुरा. हे पत्र बाबांनी मालाडच्या पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. वजन करून तिकीट लावायचं म्हणून पाकीट उघडंच होतं. मी वाचलं. मला काहीच माहीत नव्हतं. त्या वळणावर बाबांनी सांगितलं तेव्हाच कळलं. पण त्यांचे हात असे कापत होते, की माहीत नव्हतं म्हटलं असतं तर ते दोन्ही सायकली तिथेच टाकून मला घरी घेऊन आले असते. त्या दिवसापासून मीही घाबरतच चालवते. मागून त्यांच्या चेनचा आवाज आला नाही की जास्तच. त्यांच्या डोक्याला तर पंचाच आहे. म्हणून एक नको, दोन पाठवा. रंग कुठलाही चालेल. सोबत डोक्यांच्या मापासाठी जाळ्याचा दोरा ठेवला आहे. पहिली गाठ माझी, पुढची बाबांची. रविवारी दुपारी ते तोंडावर पेपर घेऊन झोपले होते तेव्हा पेपर हळूच बाजूला करून भुवयांच्या वरून मोजलं. दोऱ्याचं दुसरं टोक आजीने धरलं होतं. तिला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, “मना कळलंय ता भिकाला सांगू नको. उगाच भिल.”